छत्रीला लावलेला कागद

शंकेखोर : शुक्रवारी रात्री यीवूहून गाडीत बसलीस आणि रविवारी रात्री परत यीवूला. मधले अठ्ठेचाळीस तास. त्यातून झोप वजा कर, जेवणं वजा कर, मेट्रोच्या दारात बॅग तपासून घेण्यात गेलेला वेळ वजा कर. उरलं काय? आणि आल्यापासून तुझं चालू आहे, शांघाय असं आहे नि शांघाय तसं आहे. मौज केलीस याला माझी ना नाही. माणसं जिवाची मुंबई करतात, तू जिवाचं शांघाय केलंस. पण अडीच कोटी माणसांच्या शहराबद्दल तू ज्या ठामपणानं बोलतेस, तो मला खटकतो. माझी हरकत 'आहे' या एका शब्दाला आहे. 'मला असं दिसलं' म्हण, मी तोंड उघडणार नाही.

हौशी : जिवाची मुंबई करून गावी परतलेला माणूस दुसरं काय करतो? महिनाभर पारावर बसून मुंबई कशी 'आहे' तेच सांगतो. त्याचं ऐकूनच पुढचे चार जण गाडीत बसतात. पण तुझा मुद्दा टाळत नाही. मी जे बोलते आहे त्यातलं निम्मं माझ्या मैत्रिणीचं आहे. ती शांघायमध्ये सहा वर्षं राहिली, एका माल पाठवणाऱ्या कंपनीत होती, मग यीवूला गेली. आमच्या डब्या-पाकिटांच्या धंद्यासाठी मी आठवडाभर यीवूच्या घाऊक बाजारात पाय झिजवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांतलं जे जे स्वस्त आणि चकचकीत दिसतं, त्याचं माहेर ते. तिथं सॅम्पलं बघून डोळे शिणले होते, तेव्हा तीच म्हणाली, चल, शनिवार-रविवार माझं जुनं शहर दाखवते. म्हणजे माझे दोन दिवस नुसते दोन नव्हते, त्यांच्याखाली तिची सहा वर्षं होती. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. शीत कोणी उचलून दिलं, त्यालाही काही किंमत आहे की नाही?

शंकेखोर : म्हण काढलीस तर पुरती बघ. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एका पातेल्यात, एका पाण्यात, एका आचेवर शिजलेला असतो. शहर असं शिजत नाही. कुठे तळाला करपलेलं असतं, कुठे वर कच्चं. आणि शीत उचलून देणाऱ्या हाताबद्दल तर मला जास्तच शंका आहे. पाहुणा आला की आपण त्याला पुढच्या खोलीत बसवतो, मोरी दाखवत नाही. आपलं शहर दुसऱ्याला दाखवायला निघालेला माणूस त्या शहराचा वकील होतो. त्यातून ते सोडून आलेलं शहर असेल तर विचारूच नकोस. सोडून आलेल्या घराच्या भिंतींना ओल कधीच नसते. काय दाखवलं तिनं ते मीच सांगतो. रात्रीचा नदीकाठ, पलीकडचे रंगीत दिवे, ६३२ मीटरचा शांघाय टॉवर, आणि बाटली उघडायच्या चावीसारखी दिसते ती शेजारची इमारत. चुकलो?

हौशी : चुकलास. टॉवरवर चढलोच नाही. शनिवारी सकाळी तिनं मला पहिल्यांदा नेलं ते फेरीबोटीवर. हुआंगपू नदीनं शहराचे दोन भाग केलेत, पश्चिमेला जुनं पूशी, पूर्वेला नवं पूडोंग. नदीखालून मेट्रो जाते, बोगदे आहेत, पूल आहेत, तरी बोट चालू आहे आणि भाडं दोन युआन. आपल्या वर्सोवा-मढच्या बोटीचीच जात. स्कूटरवाले स्कूटरसकट चढतात, एक पाय खाली टेकून उभे राहतात, आणि धक्का जवळ आला की सगळे एकदम पुढे सरकतात. फरक एवढाच की तिथल्या स्कूटरी विजेच्या, त्यामुळे ती झुंड आवाज न करता निघते. अंगावर येतं ते. समोर तुझे ते सगळे टॉवर रांगेनं उभे, आणि मी सोडून बोटीत एकही माणूस वर बघत नव्हता. मैत्रीण म्हणाली, 'मी पण ज्या दिवशी वर बघायचं विसरले, त्या दिवशी मला कळलं की मी इथं राहते.' १९९० साली पूडोंगच्या विकासाचा निर्णय जाहीर झाला, त्याआधी शांघायची माणसं म्हणत, पूडोंगात अख्खं घर मिळण्यापेक्षा पूशीत एक खाट बरी. हे ऐकलं आणि मला माझे काका आठवले. ऐंशीच्या दशकात त्यांनी दादरची खोली सोडून वाशीला फ्लॅट घेतला, तेव्हा अख्ख्या खानदानानं त्यांना असंच ऐकवलं होतं. टॉवरच्या काचेतून हे दिसलं असतं का मला?

शंकेखोर : पण बघ, शांघाय बघायला गेलीस आणि दिसले काय, तर वाशीचे काका. परक्या शहरात आपण आपलंच घर शोधत असतो, हीच तर माझी तक्रार. या खोडीपायी आपण एकदा चांगले फसलो आहोत. २००४ च्या सुमारास मुंबईचं शांघाय करायची टूम निघाली होती. इथं विलासराव देशमुख, दिल्लीत नुकतेच पंतप्रधान झालेले मनमोहन सिंग, दोघांच्याही बोलण्यात शांघाय. तिकडे जाऊन येणारा जो तो पूल नि रस्ते मोजून यायचा. आकडे खोटे नव्हते. शांघायची मेट्रो १९९३ साली सुरू झाली, आज ती आठशे किलोमीटरच्या पुढे आहे. मुंबईची पहिली २०१४ ची, जेमतेम अकरा किलोमीटरची. पण मार्ग आखला तेव्हा वाटेतल्या घरांना कोणी विचारलं होतं का, आणि 'नाही' म्हणायची सोय होती का, हे आकडे मोजून येणाऱ्यानं कधी सांगितलं नाही. आपल्याकडे आरेच्या झाडांसाठी पोरं रात्री धावत गेली, कोर्टकज्जे झाले, काम रखडलं. तुला त्या रखडण्याचा वैताग येतो. मला त्यात शहराचा आवाज ऐकू येतो. शांघाय तुला नीटनेटकं दिसलं असेल, पण ते नीटनेटकेपण कशाच्या बदल्यात आलं, ते दोन दिवसांच्या तिकिटात दिसत नाही.

हौशी : मुंबईचं शांघाय हे शब्द मी उच्चारलेलेही नाहीत, माझ्या गळ्यात घालू नकोस. माझं उलट झालं. मला शांघायमध्ये मुंबई सापडली, आणि ती काही अभिमानानं सांगावी अशी नाही. वायतान, म्हणजे इंग्रज ज्याला बंड म्हणत ती नदीकाठच्या इमारतींची रांग, आम्ही रविवारी संध्याकाळी पाहिली. त्या रांगेत हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराची एक इमारत आहे, आज तिला पीस हॉटेल म्हणतात. ती बांधली व्हिक्टर ससूननं, १९२९ साली. ससून म्हणजे आपलेच ससून. कुलाब्याचा ससून डॉक, काळ्या घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय, तेच घराणं. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आला आणि १८४४ मध्ये त्यानं मुलाला, एलियासला, चीनला धाडलं. धंदा कापसाचा, कापडाचा आणि अफूचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. तीच पोचवायची मोकळीक राहावी म्हणून इंग्रजांनी युद्ध केलं आणि १८४२ च्या तहानं शांघाय बंदर उघडून घेतलं. जमशेटजी जीजीभॉयही याच व्यापारात मोठे झाले, आपण जे.जे.त केसपेपर काढतो तेव्हा कोणाला हे आठवतं? या एलियासचा नातू व्हिक्टर. घराण्याच्या गिरण्या मुंबईत होत्या, आणि त्यानं आपला पैसा इथून काढून शांघायमध्ये घातला. म्हणजे मुंबईचं शांघाय व्हायचं तेव्हा होऊन गेलं, आणि ते गिरणगावाला विचारून झालं नाही. आपण त्या किनाऱ्याकडे 'आपण असे कधी होणार' म्हणून बघतो. मी तिथं कठड्याला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं, यातल्या किती विटा आपल्या आहेत, आणि त्या इथल्या किती माणसांच्या नाकातोंडातून गेलेल्या धुराच्या आहेत.

शंकेखोर : हे चांगलं सांगितलंस. पण यातलं एकही वाक्य तुला शांघायनं दिलेलं नाही. हे सगळं त्याच ससून ग्रंथालयाच्या गॅलरीतल्या आरामखुर्चीत पडून वाचता आलं असतं, खाली काळ्या घोड्याची वर्दळ ऐकत. पासपोर्ट लागला नसता. पुस्तकाचं पुस्तकाला देऊन टाकू. प्रवासानं असं काय दिलं जे पुस्तकानं दिलं नसतं, तेवढंच सांग. मग मी कदाचित 'आहे' म्हणायला परवानगी देईन.

हौशी : सांगते. शनिवारी दुपारी आम्ही पीपल्स पार्कमध्ये गेलो. इंग्रजांच्या काळातलं रेसकोर्स, त्याची आता बाग आहे. तिथं शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. मला वाटलं होतं, असेल काही मेळावा, मंडप, माइक. तसलं काही नाही. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या, रांगेनं, आणि प्रत्येक छत्रीला चिमट्यानं एक कागद लावलेला. मागे घडीच्या स्टुलावर आई किंवा बाप. मुलगा-मुलगी एकही नाही. कित्येकांना आपला कागद इथं लागलाय हे ठाऊकही नसतं. मैत्रीण वाचून दाखवत होती. जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट आहे की नाही, शांघायचा हुकोऊ आहे की नाही. बहुतेक कागदांवर फोटोसुद्धा नव्हता. मला आपले बायोडेटे आठवले, देवक, नाडी, मामेकुळ, आणि शेवटी 'स्वतःचा वन बीएचके'. हसू आलं आधी. मग एका छत्रीपाशी एक म्हातारा होता, कानटोपी घातलेला, मांडीत चहाचा थर्मास. त्यानं मैत्रिणीला काहीतरी विचारलं. ती छत्तीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, सांगलीहून आईचा दर रविवारी फोन. ती हसून दोन शब्द बोलली. मग म्हातारा एक लांबलचक वाक्य बोलला, अगदी शांतपणे, आणि तिचं हसू गेलं. मी विचारलं, काय म्हणाला? 'काही नाही गं, वय विचारत होता.' वय विचारायला एवढं लांब वाक्य लागत नाही, एवढं चिनी मलाही कळतं. पुढे आम्ही अर्धा तास चाललो, तळलेले बाओ खाल्ले, जीभ पोळून घेतली, पण ते वाक्य तिनं सांगितलं नाही. पुस्तकात मला वाक्य मिळालं असतं. ते दाबून ठेवणारा चेहरा मिळाला नसता.

शंकेखोर : आता तू माझ्याच बाजूनं साक्ष देते आहेस. छत्र्यांचा बाजार तू तिच्या तोंडून वाचलास. तिनं जे वाचलं ते तुला मिळालं, जे गिळलं ते गेलं. आणि हुकोऊ हा शब्द तू पगार नि उंचीच्या रांगेत बसवून पुढे गेलीस. थांब जरा त्या शब्दापाशी. हुकोऊ म्हणजे नोंदणी, माणूस कुठला याची सरकारी मोहर. डोमिसाइलसारखी म्हणावी तर त्याहून कितीतरी जड. शांघायच्या अडीच कोटींपैकी कोटभर माणसं बाहेरून आलेली आहेत. तुझ्या बोटीवरच्या त्या मुक्या स्कूटरींवर जेवणाचे डबे पोचवणारे जे होते, त्यांतल्या बहुतेकांची मोहर गावाकडची असणार. त्यांच्या मुलांना शांघायमध्ये राहूनही तिथून कॉलेजची प्रवेश परीक्षा देणं सोपं नाही. कित्येक पोरं गावी आजी-आजोबांकडे वाढतात. त्या छत्रीवर 'शांघाय हुकोऊ' लिहिणारा बाप आपल्या पोराचा नाही, त्या मोहरेचा भाव सांगत होता. तुला ती गंमत वाटली, कारण तुला मामेकुळ आठवलं.

आणि दुसरं. संध्याकाळी कॉफी कुठे प्यायलीस ते तूच सांगितलंस. वूलूमूची रस्ता, झाडांची कमान, छोटे कॅफे. उरुम्ची शहराचं चिनी नाव आहे ते. २०२२ च्या नोव्हेंबरात उरुम्चीत एका इमारतीला आग लागली, किमान दहा माणसं गेली. कोविडच्या निर्बंधांमुळे ती बाहेर पडू शकली नाहीत असं लोकांचं म्हणणं होतं. शांघायची तरुण मुलं त्या नावाच्या रस्त्यावर मेणबत्त्या घेऊन जमली आणि हातात धरले कोरे कागद. ए-फोर आकाराचे, एक अक्षर नसलेले. काही दिवसांत त्या रस्त्याच्या नावाची पाटीच खांबावरून उतरवून नेण्यात आली. एकाच दिवशी तू भरलेल्या कागदांचा बाजार पाहिलास आणि कोऱ्या कागदांच्या रस्त्यावर कॉफी प्यायलीस. पहिल्याचे तुझ्याकडे चाळीस फोटो आहेत. दुसऱ्याचं नाव मी घेईपर्यंत तुला माहीत नव्हतं.

(इथं हौशी व्यक्ती बराच वेळ काही बोलली नाही. मी ते मौन शंकेखोराच्या खात्यात जमा करणार होतो. पुढचं ऐकून हात आखडता घेतला.)

हौशी : रस्त्याचं नाव माहीत नव्हतं, खरं आहे. पण त्या रस्त्यावरून निघाल्यावर काय झालं ते तुला सांगितलेलं नाही. मैत्रीण मला तिच्या जुन्या सोसायटीपाशी घेऊन गेली. आत नाही, फाटकापाशीच उभी राहिली. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये, शहर दोन महिने बंद होतं तेव्हा, ती त्या आवारात होती. म्हणाली, 'तीन वर्षं राहत होते, शेजारच्या कोणाचं नाव माहीत नव्हतं. त्या दोन महिन्यांत अख्ख्या बिल्डिंगची नावं पाठ झाली.' दुकानं बंद, एकट्यादुकट्याची ऑर्डर कोणी घ्यायचं नाही, म्हणून बिल्डिंगच्या बिल्डिंगनं मिळून फोनवरच्या ग्रुपवर माल मागवायचा. अंडी घ्यायची तर पन्नास घरांची एकदम. कोणी हिशोब ठेवायचं, कोणी पोती खालून वर आणायचं. तिच्या मजल्यावरच्या आजींना ऑर्डर देता यायची नाही, त्यांची ऑर्डर ही द्यायची. त्या बदल्यात आजी दारात वाटीभर लोणचं ठेवायच्या. हे तिनं हसत सांगितलं, आपण पुराच्या आठवणी सांगतो तसं. मी विचारलं, आणि त्रास? तर म्हणाली, 'कोबी फार झाला होता.' एवढंच. मग फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, चल, उशीर होतोय. आम्हाला उशीर होण्यासारखं काहीही नव्हतं.

शंकेखोर : यातून तुला काय कळलं? शेजारधर्म? तो कुठेही असतो. २६ जुलैला मुंबई बुडाली तेव्हा आपल्याकडेही लोकांनी परक्या माणसांना घरात घेतलं. संकटातला शेजारधर्म सांगून शहराची बाजू मांडायची, ही प्रत्येक शहराच्या वकिलाची युक्ती आहे. 'मुंबई स्पिरिट' ऐकलं की तूच चिडतेस ना? गटारं तुंबवणाऱ्यांना तो शब्द फार सोयीचा पडतो म्हणून? मग शांघायला वेगळं माप का? आणि त्या कोबीचा अर्थ तू काय लावलास? ती घाबरली होती, कंटाळली होती, की तुला सांगण्याजोगं काही खरंच नव्हतं? तुला माहीत नाही. तुझी मैत्रीण आहे, तरी नाही. कारण त्या शहरात तुझं काही अडकलेलं नव्हतं. माझ्या नळाला पाणी आलं नाही तर मला महापालिका कळते. तुझ्या हॉटेलच्या नळाला पाणी आलं नसतं तर तू हॉटेल बदललं असतंस. जिथं भोगणं नाही तिथं कळणं नाही, एवढं साधं आहे.

हौशी : साधं आहे म्हणूनच मला ते पटत नाही. भोगणाऱ्यालाच कळतं म्हणतोस, तर तू पन्नास वर्षं मुंबईत आहेस. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी किती वेळा गेलायस? मुंबई 'आहे' म्हणताना तुझी जीभ अडखळत नाही. तुझंही शहर म्हणजे चार स्टेशनं आणि एक नळच. आणि वाटसरूच्या साक्षीचं म्हणशील, तर ह्युएन त्संगला काय करायचं? सातव्या शतकात तो पुलकेशीच्या राज्यातून गेला, इथं काही संसार मांडून बसला नाही. आणि लिहून गेला की या देशाची माणसं साधी, मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. तेराशे-चौदाशे वर्षं झाली. प्रत्येक महाराष्ट्र दिनाला कोणी ना कोणी ते उगाळतंच. चीनहून आलेल्या वाटसरूनं आपल्याला दिलेला दाखला आपण फ्रेम करून लावला, आणि इथून गेलेल्या बाईनं तिकडचं दोन वाक्यांत सांगितलं तर तिला शपथपत्र मागायचं?

शंकेखोर : दाखला फ्रेम केला कारण तो गोड आहे. त्यानं आपल्याला चेंगट म्हटलं असतं तर आपणही म्हटलं असतं, चार दिवस आलेल्या माणसाला काय कळतंय! आणि तो वर्षानुवर्षं चालत हिंडला होता, भाषा शिकून आला होता. त्याच्याशी स्वतःची तुलना करताना निदान गाडीचा वेग तरी आठव. देवनारचं मात्र मान्य. तिथं मी एकदाही गेलेलो नाही. पण मी जात नाही, याचा ठपका माझ्यावर येतो. कोणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागते, आत्ता घातली तशी. तुझ्यावर शांघायचा असा कुठला ठपका येतो? तू न पाहिलेल्या गोष्टींची तुला लाज वाटायचं कारण नाही. भोगणं हा शब्द मी मागे घेतो. लाज म्हणतो. ज्या शहराची लाज वाटू शकते, ते शहर आपल्याला कळायला लागलेलं असतं.

हौशी : मग ऐक. ससूनच्या छपरासमोर मला जे वाटलं, त्याला तू पुस्तकी म्हणालास. ते लाजेच्या जवळचंच काहीतरी होतं. आणि तू त्या कोऱ्या कागदांचं सांगितलंस तेव्हाही. ती लाज रस्त्याची नाही, मैत्रिणीची. मी त्या रस्त्यावर तिला फोटो काढायला लावत होते, जरा इकडे वळ, झाड येऊ दे. पण तुझ्या बोलण्यातली एक गोष्ट तुझ्याच ध्यानात आलेली नाही. कोऱ्या कागदावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी तो साऱ्या जगाला वाचता आला, तुलाही आला, दादरला बसून. मग माझ्या मैत्रिणीचं न बोललेलं वाक्य मला वाचता येणार नाही, असं तू कशाच्या जोरावर म्हणतोस? तिच्याबरोबर मी वसतिगृहात तीन वर्षं काढली आहेत. तिचं गप्प होणं मला ठाऊक आहे. अडीच कोटींचं शहर मला कळलं असा दावा मी सोडते, घे. पण त्या शहरानं एका माणसाला कुठे बोलकं केलं आणि कुठे गप्प केलं, हे मी शेजारी उभं राहून पाहिलं.

शंकेखोर : कोरा कागद वाचता आला, कारण त्यावर काय लिहायचं राहिलं होतं ते तिथल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होतं. धरणाऱ्याला, बघणाऱ्याला आणि पाटी उतरवणाऱ्यालाही. तिघांचं त्या मजकुरावर एकमत होतं, म्हणून तो कोरा चालला. तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत तसं एकमत कुठे आहे? म्हातारा काय बोलला तुला माहीत नाही. तिला ते लागलं ते सांगलीच्या आईमुळे, की सहा वर्षं राहून तिच्या कागदावर त्या शहराची मोहर कधी उठणार नव्हती म्हणून, की म्हातारा सहज काहीतरी मायेचं बोलून गेला म्हणून? यातलं पहिलं असेल तर तू सांगली पाहिलीस. दुसरं असेल तर शांघाय. तिसरं असेल तर एक म्हातारा. तू म्हणतेस मी गप्प होणं पाहिलं. पाहिलंस, मान्य. पण ते कोणाच्या हद्दीतलं होतं हे कळल्याशिवाय तू त्याला शांघाय म्हणू शकत नाहीस.

हौशी : आणि ते तिघांच्या हद्दीतलं एकदम असेल तर? तुला सातबारा हवा आहे प्रत्येक गोष्टीचा.

शंकेखोर : मला ते वाक्य हवं आहे. तुला आठवतंय का त्यातलं काही?

हौशी : शेवटचे चार-पाच आवाज. अर्थ नाही, नुसते आवाज. अजून कानात आहेत.

शंकेखोर : मग फोनमध्ये बोल ते. भाषांतर होऊन येईल. दोन सेकंदांचं काम.

हौशी : माहीत आहे. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. फोन हातात होता. ते ॲपही उघडलं होतं मी.

शंकेखोर : मग?

हौशी : मग यीवू आलं.